आपोआप

हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडताना आरतीला कडकडून भूक लागली, आणि त्या भुकेनेच ती दचकली. कडेवर समृद्धी होती. पावणेचार वर्षांची, पण अंगाने दोनाची. दोन्ही हात छातीशी घेऊन ते एकमेकांत पिळत होती, सुटे करत होती, पुन्हा पिळत होती. जागी असेपर्यंत हे असंच चालायचं. रस्त्यापलीकडे उडप्याचं हॉटेल होतं. आरती आत शिरली, डोसा मागवला, सगळा संपवला, आणि बशी उचलायला आलेल्या माणसाला दुसरा आणायला सांगितला. बटाट्याच्या भाजीत कढीपत्ता होता, मोहरी होती, हे तिला चवीचवीने कळत होतं. गेली दोन वर्षं ती जेवत होती ती पोटात काहीतरी ढकलायचं म्हणून. आणि आज, ही मुलगी कधी बोलणार नाही, हात कधी कामाला येणार नाहीत, पुढे फिट्स सुरू होतील, असं एका शांत आवाजाच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितल्यावर, तिच्या जिभेला चव आली होती. कसली आई आहेस तू, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. आत फक्त एक शब्द होता, आणि तो थंड पाण्यासारखा खालपर्यंत उतरत चालला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या रक्तात हा बदल नाही, मिस्टरांच्याही नाही. हिच्यात नव्यानेच झालाय. जनुकातल्या एका अक्षराचा फरक. कुणाचीही चूक नाही. हे असं आपोआप होतं."

आपोआप. हा शब्द तिच्या घरात चालत नव्हता. सार्थक चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता; बाद झालेला पार्ट हातात घ्यायचा आणि तो का बाद झाला हे शोधून काढायचं, हेच त्याचं काम. टूल झिजलं होतं, तेल कमी पडलं होतं, माणूस पेंगत होता. कारण सापडलं नाही असं सांगायची त्याला सोय नव्हती. मोशीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये समृद्धी झोपल्यावर तो याच पद्धतीने विचारत बसायचा. ताप कधी आला होता? लस कुठली दिली? त्या दिवशी पलंगावरून पडली होती ती डोक्यावर का? आरती उत्तरं द्यायची आणि प्रत्येक उत्तराबरोबर आपल्याच अंगाची झडती होतेय असं तिला वाटायचं. त्याचा तसा हेतू नसायचा. तो मुलीला खांद्यावर टाकून तासन् तास फिरायचा, तिला गाणी म्हणायचा, तिचं तोंड पुसायचा. ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी तिला उचलायचा. फक्त विचारायचा.

आणि पारगावला सरूबाई होत्या. सार्थकची आई. त्यांना काही शोधायची गरज नव्हती, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आरतीला पाचवा महिना होता, दिवाळीला सगळे गावी जमले होते, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं. सरूबाईंनी दुपारपासून घर बंद केलं, पाण्यात तुळशीपत्रं टाकली, सुनेला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. आरती बसलीही थोडा वेळ. पण ती फिजिक्स शिकवणारी बाई. आपल्या हयातीत दारात आलेलं ग्रहण, आणि आपण अंधारात गोधडीवर बसायचं? तिने जुन्या लग्नपत्रिकेला टाचणीने भोक पाडलं आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. घराच्या पांढऱ्या भिंतीवर सूर्याची कोयत्यासारखी कोर पडली. गल्लीतली पोरं गोळा झाली. सरूबाई आतून हाका मारत होत्या, "आरती, आत ये गं बाय, आत ये," आणि ती हसून, "आले आई, एकच मिनिट," म्हणत होती. त्या संध्याकाळच्या उन्हाची ऊब तिला अजून आठवायची, पोटावर पडलेली. समृद्धी जन्मली तेव्हा गोरीगोमटी, गुटगुटीत. वर्षाची झाली तेव्हा आज्जी म्हणायची, पापा म्हणायची, भुभू म्हणायची, आणि सगळ्यात स्पष्ट म्हणायची ते 'दे'. मग शब्द एकेक करून गेले. कुठल्या दिवशी कुठला गेला हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मूल पहिल्यांदा बोलतं तो दिवस घरात सण असतो, शेवटचं बोलतं तो दिवस कोण लक्षात ठेवणार? 'दे' शेवटी गेला. एके सकाळी ती पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली, ओठ हलले, आणि हात पुढे यायच्या ऐवजी एकमेकांत अडकले. तेव्हापासून सरूबाई सुनेला टोचून काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा पोरीच्या टाळूवर तेल थापताना म्हणाल्या, "हाका मारल्या व्हत्या मी. लई मारल्या." तेवढंच. ते वाक्य आरतीच्या उशाशी येऊन बसलं ते उठलंच नाही. तिला ठाऊक होतं की सावलीने पोटातल्या मुलाला काही होत नाही. ते ती वर्गात साठ मुलांना सांगू शकत होती. पण ठाऊक असणं डोक्यात होतं आणि ते वाक्य दुसरीकडेच कुठेतरी होतं, जिथे फिजिक्स पोचत नव्हतं.

म्हणून ती भूक. टॅक्सीत समृद्धीला मांडीवर आडवं घेऊन घरी येताना तिला एमेस्सीचा वर्ग आठवला. म्हातारे, बारीक आवाजाचे सर होते. फळ्यावर त्यांनी शिडी काढली होती, पेशीच्या आतली, डीएनएची. दोन बाजूंच्या पट्ट्या आणि मधे हायड्रोजनचे पूल. पुलावरचा प्रोटॉन ह्या काठाला असायला हवा, तो क्षणभर त्या काठाला सापडतो, सर म्हणाले होते. मधली टेकडी चढून नव्हे, तेवढी ताकदच नसते त्याच्यात. टेकडीतून आरपार, क्वांटमच्या नियमाने. आरती मूळची ओतूरची. घाटघरहून निघालेला माणूस नाणेघाट न उतरताच खाली कोकणात उभा सापडावा, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं. आणि नेमकं त्याच क्षणी त्या पट्टीची नक्कल निघत असेल, तर एक अक्षर चुकीचं उतरतं. का तोच प्रोटॉन, का तेव्हाच, याला उत्तर नाही, सर म्हणाले होते. आपल्याला माहीत नाही म्हणून नव्हे, उत्तर मुळात नाहीच म्हणून. पुढच्या तासाला दुसरे तरुण सर आले आणि हसले. पेशी म्हणजे रटरटणारा भात, असले नाजूक खेळ तिथे टिकतात का? सगळं उष्णतेच्या धक्काबुक्कीत बुडून जातं. सजीवांना क्वांटमची काही गरज नाही, साधी रसायनं पुरतात. तेव्हा वर्गात दोन तट पडले होते. आरतीला पीएचडी त्याच प्रश्नावर करायची होती. झाली नाही, लग्न, नोकरी, जे होतं ते. आता तो प्रश्न तिच्या मांडीवर डोकं ठेवून लाळ गाळत होता. तरुण सरांचं खरं असेल, तर कुठेतरी एका रेणूने दुसऱ्याला ढकललं, त्याला आणखी कुणी ढकललं, आणि ती साखळी मागे मागे नेली तर कुठपर्यंत जाईल? फवारलेल्या भाजीपर्यंत, स्कूटरच्या धक्क्यापर्यंत, कदाचित अंगणापर्यंत. म्हाताऱ्या सरांचं खरं असेल, तर साखळीच नव्हती. घरी आल्यावर तिने मोबाईलवर शोधलं. या आजारात बहुतेकदा पाण्याचा एक साधा रेणू त्या अक्षराला खोडतो, नेहमीची रसायनक्रिया, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. तिने ते पान बंद केलं. तिला म्हातारे सर हवे होते.

डॉक्टरीणबाईंनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती, आरती उठता उठता. या आजारातला असा बदल बहुतेक वेळा वडिलांच्या बीजात झालेला असतो. पुरुषाच्या बीजाची नक्कल जन्मभर चालू असते, म्हणून. "पण हे घरी सांगून काही उपयोग नाही," असंही त्या म्हणाल्या होत्या. आरतीने मान डोलावली होती. आणि सार्थकला तिने फक्त ते आपोआपचं वाक्य सांगितलं. त्याने रिपोर्ट उलटून पाहिला. मग म्हणाला, "आपोआप म्हणजे त्यांना सापडलं नाही." ती हसली. दोन वर्षांनी हसली, आणि त्याने तिच्याकडे चमकून पाहिलं.

रविवारी ते पारगावला गेले. कारखान्याचा हंगाम जोरात होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास. पडवीत सरूबाईंच्या जाऊबाई लंकाबाई पाय पसरून बसल्या होत्या. सरूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, दुधात कुस्करलेली भाकरी तिच्या गालाच्या आत बोटाने सारली, आणि मान वर न करता विचारलं, "काय म्हनले डाक्टर?"

"कुणामुळे झालेलं नाही, आई. आपोआप झालंय."

"आपोआप?" लंकाबाईंनी तोंडाशी पदर धरला. "दूध बी आपोआप नासत न्हाई बाय. कुनीतरी झाकन ठेवायचं इसरल्यालं असतंय."

"लंका, ऱ्हाऊ दे," सरूबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे काय? भर गिराणात पोरांना गोळा करून उभी ऱ्हायली आन् आता म्हनती आपोआप. आमी काय आंधळ्या व्हतो?"

आरतीने सरूबाईंकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलतील, एवढीच तिची अपेक्षा होती. त्यांनी समृद्धीच्या हनुवटीवरचं दूध पुसलं. सार्थक पुढे आला आणि वाकून मुलीला उचलून खांद्यावर घेतलं, तिथून बाजूला न्यावं म्हणून. आपण काय बोलणार आहोत हे आरतीला बोलण्याच्या आधी कळलं, आणि थांबता आलं असतं हेही कळलं.

"तुमच्या मुलाकडून आलंय ते," ती म्हणाली. "डॉक्टरांनीच सांगितलं. हा बदल बापाच्या बीजातून येतो. माझ्या पोटाचा काही संबंध नाही."

एक ट्रॉली घरासमोरून गेली. उसाचं पाचट घासत गेल्याचा आवाज झाला. मग लंकाबाई उठून पाणी प्यायला आत गेल्या. सार्थकने समृद्धीला हळूच बाजेवर ठेवलं, उशी नीट केली, आणि दोन पावलं मागे सरकला. तो रागावेल, ओरडेल, अशी आरतीने वाट पाहिली. तो आपल्या तळहातांकडे बघत होता. परतताना मंचर मागे पडलं. मग त्याने विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि आज सांगितलंस. तिथे."

तिने समजावायला सुरुवात केली. चूक नाही, दोष नाही, कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. आपला आवाज डॉक्टरीणबाईंसारखा शांत येतोय हे तिच्या लक्षात आलं. तो गाडी चालवत राहिला. त्या दिवसापासून तो स्वतःवर कामाला लागला. डिप्लोमा झाल्यावर नोकरी लागेपर्यंत बटाट्यावर औषध मारलं होतं, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. पहिली दोन वर्षं भट्टीच्या खात्यात काढली होती. जेवता जेवता तो मधेच थांबायचा आणि आरतीला कळायचं की आणखी एक कारण सापडलं. समृद्धीचं तो सगळं करत होता. औषधाच्या वेळा, व्यायामवाल्या ताईंकडे नेणं, सगळं. फक्त तिला उचलत नव्हता. आरती उचलून गाडीत ठेवायची, तो पट्टा लावायचा. संध्याकाळी तो आला की समृद्धी दाराकडे बघायची, टक लावून. तिचे डोळे अजून सगळं बोलायचे. तो बूट काढायचा, सावकाश, दोन्ही नाड्या सोडून.

मग लंकाबाईंचा फोन आला. सरू जेवत न्हाई. एकवेळचा उपास धरला व्हता, आता दोनीवेळा पान्यावर ऱ्हाती. ते गेले तेव्हा सरूबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, गालांची हाडं वर आलेली. सार्थक डॉक्टरला बोलवायला बाहेर गेला तसं त्यांनी आरतीला जवळ बसवून घेतलं. आवाज खाली गेला होता. "सार्थक माझ्याच पोटातनं आला न्हवं. त्याच्यात खोट असंल तर ती माझीच की. दोन पोरींवर तो. पोरगाच व्हावा म्हून वैदूकडनं औषध घेतलं व्हतं मी, तीन पुड्या. लई कडू व्हतं. तवाच कायतरी झालं असंल."

"आई, नाही हो. असं नसतं."

"तूच म्हनलीस ना, बापाकडनं आलं?"

आरतीने पुन्हा पुन्हा सांगितलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी सरूबाई मान डोलावत होत्या आणि काहीच आत जात नव्हतं. आपण ते वाक्य आपल्या उशाशी होतं तिथून उचललं आणि म्हातारीच्या उशाशी नेऊन ठेवलं, एवढंच आपण केलं, हे आरतीला त्या अंधाऱ्या माजघरात लख्ख दिसलं. बायकांच्या पोटांतून मागे मागे जाणारी ती साखळी, आणि तिच्या टोकाला नेहमी एक बाईच. सरूबाईंचं एकच मागणं होतं: पोरीला घेऊन लेण्याद्रीला जायचं. गिरिजात्मजाच्या पायावर घालायचं. मग जेवेन म्हणाल्या.

उन्हं तापायला लागली होती. लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी लावल्यावर सरूबाई दूर्वा आणि नारळ घ्यायला गेल्या. समृद्धी आरतीच्या कडेवर होती. सार्थक गाडीच्या सावलीत उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "तुझं ते फिजिक्स एकदा नीट सांग." तिने सांगितलं. शिडी, पूल, टेकडीतून आरपार जाणारा प्रोटॉन. खरंच तसंच झालं का हे नक्की नाही, त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हेही सांगितलं. या वेळी काही झाकलं नाही. तो कंपनीतल्यासारखा लक्ष देऊन ऐकत होता.

"समज, सगळं तेच ठेवलं," तो म्हणाला. "तोच मी, तेच औषध, तीच भट्टी, तीच वेळ. सगळं जसंच्या तसं परत केलं. तर परत हेच होईल?"

"तसं नाही सांगता येत. बहुतेक नाही."

"म्हणजे काहीच न बदलता, हे नसतंही झालं."

"हो."

"मग ती आत्ता बोलत असती," तो म्हणाला.

आरतीने समृद्धीला दुसऱ्या कडेवर घेतलं. इतके दिवस तिने त्या शब्दाची एकच बाजू पाहिली होती, कुणाचं बोट आपल्याकडे वळत नाही ती. दुसरी बाजू तिने वळवून पाहिलीच नव्हती. नशिबात असतं तर टळलं नसतं, चुकीने झालं असतं तर चूक तरी उरली असती. हे टळू शकत होतं आणि टाळणारं कुणी नव्हतं. पायऱ्या चढताना ती दुसरी मुलगी तिच्या शेजारून चढायला लागली. पावणेचार वर्षांची, अंगानेही तेवढीच, आई माकड बघ म्हणणारी, मला उचल म्हणणारी, मला नको उचलू म्हणणारी. तिच्या पायात चपला होत्या, त्यांचा फटफट आवाज येत होता. आरतीच्या कडेवरचं ओझं दर वळणाला जड होत होतं आणि शेजारची मुलगी थकत नव्हती. सरूबाई पुढे चालल्या होत्या, कठड्याला धरून, मधेच डोळे मिटून थांबत. सार्थक खालीच राहिला होता.

वर लेण्यात गारवा होता. खांब नसलेला तो लांबरुंद दगडी मंडप, बाहेरचा उजेड फरशीवर आडवा पडलेला. सरूबाईंनी समृद्धीला मांडीवर घेतलं आणि देवाकडे तोंड करून बसल्या. तिचे ते पिळणारे हात त्यांनी आपल्या दोन हातांत धरले आणि जोडून नमस्कारासारखे घट्ट दाबून ठेवले. "चुकलं रं देवा," त्या पुटपुटत होत्या. "माझं चुकलं. हिला कशाला?" समृद्धीचा श्वास अडकायला लागला. हात सोडवायला ती सगळ्या अंगाने ताणत होती, मान मागे टाकत होती, डोळे आरतीवर लावलेले. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"सोडा, आई. दुखतंय तिला."

सरूबाईंनी हात सोडले. ते लगेच पुन्हा एकमेकांत शिरले. सरूबाई त्या हातांकडे बघत राहिल्या, मग आरतीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आता पश्चात्तापही नव्हता, नुसती दमणूक होती, रस्ता संपल्यावर पुढे काय हे न कळणाऱ्या माणसाची. "आता तूच सांग बाय," त्या म्हणाल्या. "मी कुनाचं चुकलं म्हनू?"

कुणाचंच नाही, हे उत्तर तिच्याकडे होतं. तिला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टींत तेच सगळ्यात जास्त खरं होतं. ते घेऊन ती या माणसांपर्यंत आली होती आणि त्यांच्यातलं कुणी त्या उत्तरावर जगू शकत नव्हतं. पायथ्यापासून इथपर्यंत चढताना तिलाही ते जमलं नव्हतं.

"माझं म्हणा," ती म्हणाली.

सरूबाईंनी पदराने डोळे कोरडे केले. "सहाव्या महिन्यात इस्कूटर कशाला चालवायची व्हती?" त्या म्हणाल्या. आवाज अजून बारीक होता. "दिसभर त्या कंप्युटरम्होरं बसायचीस. मी डिंकाचे लाडू पाठवले ते तसंच परत आले डब्यात. पपई खाल्लीस का न्हाई? खरं सांग." पायऱ्या उतरायला लागेपर्यंत त्या आवाजात धार आली होती, अर्ध्या वाटेवर दम आला होता. चढताना थांबत चढलेल्या बाई आता न थांबता उतरत होत्या, एका हाताने कठडा धरून, दुसरा हात हवेत उडवत. आरती समृद्धीला घेऊन मागून येत होती आणि प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. शेजारी आता कुणी चालत नव्हतं.

सार्थकने आईचा आवाज खालूनच ऐकला असावा. तो पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभा होता. काय चाललंय हे त्याला कळलं, हे आरतीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो काहीतरी बोलेल, आईला थांबवेल, असं क्षणभर वाटलं. त्याने दोन्ही हात पुढे केले, समृद्धीला तिच्याकडून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. मुलीने आपलं डोकं त्याच्या मानेत खुपसलं. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, इतका मोकळा की आरतीला तिकडे बघवलं नाही. तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. सीट उन्हाने भाजत होती. बाहेर सरूबाई अजून बोलतच होत्या.